व्हिटलॉकने गावाला दिलेली जमीन

ईडन प्रेरी, मिनेसोटा
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय रेखावहिनी,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दादाची गोळी बदलल्याचं निमिषकडून कळलं. इथे आता सकाळी स्वेटर लागतो.

मी रिटायर झाल्यावर करते काय, असं तू मागे विचारलं होतंस. वीस मिनिटांवरच्या जुन्या गावातल्या लायब्ररीसाठी एझ्रा व्हिटलॉकचं चरित्र लिहीत होते. १८७० साली हा माणूस तिथे आला, पेपर काढला आणि तीस वर्षं चालवला. लायब्ररी, दवाखाना, शाळेची घंटा, सगळं त्याने दिलेलं. छापखान्यामागची जमीनही मुलांना खेळायला म्हणून गावाला दिली. जूनमध्ये पुस्तक निघालं, माझा सत्कार झाला. फोटो तू पाहिलेसच.

त्याच जमिनीच्या एका कडेला पुढे घरं झाली. निमिष-उर्वीचं घर त्यातलंच. उर्वीने अंगणात मेथी लावली होती. पहिली जुडी कौतुकाने मला आणून दिली. मी ती केली नाही. केरात टाकली.

तुझ्या नातीचं, अनयाचं पोट दुखतं, ती चिडचिड करते, हे तुला माहीत आहे. पण बोलायला लागली होती ते शब्दही कमी झालेत, हे उर्वीने तुला सांगितलं नसेल. सोमवारी रिपोर्ट आला. रक्तात शिसं आहे, बरंच. उपचार सुरू झालेत. काल हेल्थ डिपार्टमेंटची माणसं अंगणातली माती घेऊन गेली. निमिष त्यांना विचारत होता, "शिसं इथे येईलच कुठून?" मी शेजारीच उभी होते.

वहिनी, मला माहीत होतं.

मार्चमध्ये व्हिटलॉकची खासगी डायरी हाती लागली. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे तो स्वतःच ओतवून घ्यायचा आणि भट्टीतली शिशाची राख वीस वर्षं त्या जमिनीत पुरायचा. तिथे चरणारी, छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका कामगाराची गाय मेली. मग त्याची दोन मुलं. पेपरात याची एक ओळ नाही. डायरीत आहे: 'जमीन विकली तर उद्या माझ्यावर येईल. गावाला देऊन टाकतो.'

लायब्ररीचे अध्यक्ष म्हणाले, इतकी जुनी गोष्ट, समारंभाआधी नको. मी ते प्रकरण गाळलं. त्यांच्यावर ढकलत नाही. तो समारंभ मलाही हवा होता.

एप्रिलमध्ये निमिषने विचारलं, "आत्या, तू त्या जागेचा सगळा इतिहास वाचलायस. घेऊ का घर?"

मी म्हटलं, "घे."

माती कधीच बदलली असेल, असं मी मनाशी धरून चालले. चाळीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होते मी.

डायरीच्या प्रती आज हेल्थ डिपार्टमेंटला देऊन आले. मैदान बंद करताहेत. त्या रस्त्यावर अकरा घरं आहेत, बहुतेकांत लहान मुलं. उर्वीला चौथा महिना आहे. तिचा रिपोर्ट अजून यायचाय.

निमिषला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पोस्टात टाकून तिकडेच जाते आहे. तुझ्या हातात पडेल तोवर त्याचा फोन येऊन गेला असेल. तो माझ्याबद्दल जे बोलेल त्यात काही कमी करू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस.

दादाला हे तूच वाचून दाखव. माझ्याच्याने व्हायचं नाही.

अहिल्या