शकिबाचा उंबरा

२२ मार्च २०२०, रविवार
आज पाचला थाळ्या वाजवायच्या म्हनून मनस्वीनं सकाळपासून डोकं खाल्लं. नात कॉलेजला हाय पन हट्ट बालवाडीचा. मग काय — मी तांब्याची परातच काढली! लाटन्यानं अशी बडवली की अख्ख्या करावे गावात आमचाच आवाज. हे असते तर म्हनाले असते, "गंगू, वरात निघाली का तुझी?" कोनीतरी फटाके पन लावले. लय मजा.

खाली उतरले तर भाडेकरनीचं दार उघडं. शकिबा खाटेखाली! कान दाबलेले, अंग लटलट कापतंय. मी वाकून विचारलं, "काय गो, काय झालं?"
"अम्मा, बंद करो."
लाटनं माझ्या हातातच होतं.

२३ मार्च
मनस्वी मला शिकवते — "आजी, ती रेफ्युजी आहे. अफगानिस्तानातून जीव वाचवून आलेत ते." मला काय म्हाईत नाय? तिचा नवरा हमीद एपीएमसीत सुक्या मेव्याच्या गाळ्यावर असतो, त्यानंच सांगितलेलं. बॉम्बनं तिची आई गेली, भाऊ गेला. परात वाजवताना ते डोक्यातच आलं नाय माझ्या.
हमीद रेफ्युजी कार्डाच्या कामाला दिल्लीला गेला नि तिथंच अडकला. गाड्या बंद. फोनवर रडला पोरगा. "अम्मा, उसको अकेला मत छोडना."
नाय सोडनार रे बाबा.

२६ मार्च
काल पाडवा. बिनपाहुन्यांचा पहिलाच. पुरनपोळी खाली दिली, ताट तसंच वर आलं. सून म्हनते, "आई, तिला करोना तर नाय ना? लांब राहा तुमी." ताप नाय अर्पिता, खोकला नाय. भिंतीकडं तोंड करून पडलेली असते. हाक मारली तर वळत पन नाय.

२८ मार्च
आज सारख्या सासूबाई आठवतात. आता मॉल हाय ना, त्या अंगाला आमची मिठागरं. भरतीचं पानी पार अंगनाशी यायचं. मी नवी नवरी, निवट्या धरायला गेले नि कंबरभर चिखलात बसले! मासा गेला पळून. सासूबाई हसून हसून खाली बसल्या, म्हनाल्या, "खाडीला आवडली गो माझी सून!" काय ते दिवस. निवट्यांचं कालवन, वर तांदळाची भाकरी... आता लिहितानाच तोंडाला पानी सुटलं.

मग शहर आलं. भराव पडला, मिठागरं बुजली. आमचं घर नाय सुटलं, घरापुढचं सगळं सुटलं. सासूबाईंनी बोलनं टाकलं. अशाच भिंतीकडं तोंड करून. आमी म्हनलं, वय झालं. एक दिवस भरतीत उतरल्या त्या परत आल्याच नायत.

शकिबाच्या दाराची आतली कडी लेकाला, भावेशला, काढायला लावली. "आई, लोकाच्या दाराची कडी कशी काढू?"
"काढ म्हनते ना!"

३० मार्च
शकिबाच्या पोटात आज नुसता चहा. तो पन अर्धा.

१ एप्रिल
मनस्वीनं मनाच्या दुखन्याच्या हेल्पलाइनवर बाईंना फोन लावला. त्या म्हनाल्या, जोर करू नका, खोदून विचारू नका, नुसतं सोबत बसा. मनस्वी माझ्याकडं बघते — "आजी, गप्प बसायचंय. जमेल?" कार्टी!

३ एप्रिल
मार्केट बंद म्हनून शेजारच्या दत्तूनं करंदीचं, बारक्या कोलंबीचं, घमेलंच आनून दिलं. मी ते उचललं नि शकिबाच्या उंबऱ्यावर बसले. आमच्यात करंदी सोलायला कोनी कोनाला बोलवत नाय. दिसली की बसायचं, सोलायचं, उठताना वाटा घ्यायचा. बोलावलं तर बाई रागावते — मी काय पाहुनी हाय का?
म्हनून बोलावलं नाय. सोलत बसले. गप्प बसनार होते, नाय जमलं. निवट्यांचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं. मराठीतच. तिला काय कळलं देव जाने.
ऊन उंबऱ्यावर आलं तेव्हा ती उठून आली. नाकाला ओढनी! पन बसली. डोकी मोडता येईनात, करंदीचा पार चेंदा केला. मी हसले नाय. हे लय अवघड गेलं.
वाटा दिला. तिनं घेतला नि दाराबाहेर ठेवून दिला. मांजरीची दिवाळी.

५ एप्रिल
आज रात्री दिवे लावायचे होते. दुपारीच गल्लीतून ओरडत फिरले — "दिवे लावा, समया लावा, पन फटाका वाजवलात तर गाठ माझ्याशी हाय!" मासे विकून कमावलेला आवाज हाय माझा.
गल्लीत कोनी नाय वाजवला. लांब कुठंतरी वाजलेच. शकिबानं माझा दंड धरला. खाटेखाली नाय गेली.

९ एप्रिल
शकिबा रोज सोलायला बसते. बोलत नाय. मी दिलेले घास माझ्याकडं बघत गिळते, औषध घेतल्यासारखे. तिची चूल बंदच. हमीदला काय सांगू?

१३ एप्रिल
आज नळावर शकिबा भांडली! अर्पितानं बादली मधेच घुसवली, हिनं ती पायानं मागं सारली. मास्क हनुवटीला, आवाज पार नाक्यापर्यंत — "मेरा नंबर है! मेरे को खाना पकाना है!"
सून रडकुंडीला येऊन वर आली. "आई, बघा ना तुमची लाडकी!"
बघितलं. गॅलरीत उभं राहून सगळं बघितलं. नाय सोडवलं.