शिफ्टची यादी आता कम्प्युटर लावणार

सोमवार, ४ मे १९८७
आजपासून रोजनिशी. कोल्हापुरात कम्प्युटरचं युग कुणी आणलं, असं पुढे कुणी विचारलं तर पुरावा असावा. मशीन आणलं आमच्या फौंड्रीचे मालक आण्णा यांनी. चालवतो मी. पंधरा दिवसांत माझा प्रोग्रॅम कामगारांची शिफ्ट लावणार. मग नोकरी कायम, आणि गडहिंग्लजच्या शालूशी लग्न. तिच्या वडिलांची एकच अट, "नोकरी पक्की पायजे." शालूने मला पोह्यांची दुसरी बशी आपणहून दिली होती. म्हणजे पसंत आहे.

शुक्रवार, ८ मे
सध्या शिफ्ट लावतात टाइमकीपर गणपतराव. सातवी पास. नियम विचारले तर म्हणाले, "नियम कसला? मानूस बघायचा की." मग कुणाच्या उसाला कधी पाणी, कुणाचं कुणाशी वाकडं, हेच सांगत बसले. लिहून घेतलं नाही. कम्प्युटरला असल्या गोष्टी लागत नाहीत.

सोमवार, ११ मे
कम्प्युटरसाठी केलेल्या एसीच्या खोलीत दुपारभर आण्णा झोपले. चपला काढून बाहेर थांबलो. चारला आत गेलो तर की-बोर्डवर ताकाचा तांब्या. उद्यापासून सकाळी सातला येणार.

मंगळवार, १२ मे
पावणेदहाला आलो. सवय हळूहळू लागते.

सोमवार, १८ मे
यादी निघाली! बोर्डावर लावली. गणपतराव बराच वेळ वाचून म्हणाले, "उद्याची भट्टी पेटायची कशी हो?" माझ्यावर जळतात.

मंगळवार, १९ मे, सकाळी ८
भट्टीवर कुणी नाही. यादीत लावलेले बावीसच्या बावीस जण एकाच गावचे निघाले. इमाम मिस्त्री काल सांगून गेला होता, "उद्या आमच्या गावची म्हाई हाय. देवीची जत्रा. मटन हाय, जेवाय या." मला वाटलं नुसतं आमंत्रण आहे. प्रोग्रॅम बरोबर आहे. जत्रेची तारीख चुकली.

दुपारी २
चौकशीसाठी म्हाईला गेलो. पंगतीत शेजारी आण्णा. मटण उत्तम.

गुरुवार, २१ मे
आण्णांचा तोडगा: गणपतरावांनी सांगायचं, मी टाइप करायचं. यादी छापली, भट्टी पेटली. आण्णा खूश, "कम्प्युटर सुधारला की!" मी कायम! गडहिंग्लजला तार केली. गणपतरावांना आता माझे असिस्टंट म्हणायला हरकत नाही.

सोमवार, २५ मे
शालूचे वडील फौंड्री बघायला आले. नेमके गणपतराव सांगत होते, "जोतीरामला रातपाळी नगं, बायकू बाळंतीण हाय. लिव्हा." मी लिहीत होतो. पाहुणे अर्धा तास ऐकत उभे. कम्प्युटरने भारावले असणार. जाताना गणपतरावांना म्हणाले, "पावणं, तुमचा पोरगा लग्नाचा हाय न्हवं?"

शुक्रवार, १२ जून
येत्या गुरुवारी शालूचं लग्न, गणपतरावांच्या सयाजीशी. निम्मी फौंड्री जाणार. त्या दिवशी कामावर कोण राहणार, ते गणपतरावांनी एकेक करून सांगितलं. शेवटचं नाव माझं. म्हणाले, "तुमी लग्नाला नगं. तुमालाच वाईट वाटंल."
वाईट आत्ताच वाटत होतं. टाइप केलं.