दांडा ज्याच्या त्याच्या हाताचा

मी, मालनबाई रंगनाथ निरगुडे, वय एकोणसत्तर, धंदा द्राक्षशेती, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात ठिकाणावर असल्याचा दाखला मी स्वतः देते. मरायची मला घाई नाही. पण माझ्या माघारी भावाबहिणीत धुसफूस नको, म्हणून सगळं आजच स्पष्ट केलेलं बरं. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. गंगापूर रोडचा फ्लॅट माझ्या स्वकष्टार्जित पैशातून घेतलेला असून तो माझी मुलगी दिशा हिला द्यावा. "लग्न झालेल्या मुलीला कशाला?" असं माझ्या थोरल्या दिरांनी विचारलं होतं. लग्न झालं म्हणून ती माझी मुलगी राहिली नाही का, असं मी उलट विचारलं, तेव्हा त्यांनी चहा मागितला.

कलम २. दिंडोरीची बाग, पॅकिंगची शेड आणि ट्रॅक्टर माझा मुलगा संतोष व सून हर्षाली या दोघांच्या नावे करावा. दोघांच्या अशासाठी, की फवारणीचं वेळापत्रक हर्षालीच्या डोक्यात असतं आणि संतोषच्या डोक्यात नुसती ढगांची काळजी.

कलम ३. पाटल्या हर्षालीला, मोहनमाळ दिशाला. बँकेतल्या ठेवी दोन्ही मुलांना सारख्या.

कलम ४. आता गोल्फच्या काठ्या. हे कलम लांबणार आहे, वकीलसाहेबांनी चष्मा पुसून घ्यावा.

हा संच माझे यजमान कै. रंगनाथराव यांनी देवळालीच्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून घेतला. द्राक्षं घ्यायला येणारे परदेशी व्यापारी गोल्फ खेळतात, म्हणून ह्यांनीही सुरू केलं. मला साखरेसाठी चालायला सांगितलेलं, म्हणून मी सोबत चालायची. एक दिवस काठी मागितली आणि नंतर ती काही परत दिली नाही. हे गेल्यावर त्याच काठ्यांनी मी एकटी खेळत राहिले. ह्यांची उंची सहा फूट, माझी पाच फूटही धड नाही. दांडे पोलादी, लांब, जड आणि कडक. चेंडू सरपटत उजवीकडच्या झाडीत जायचा आणि माझं कोपर संध्याकाळपर्यंत ठणकायचं.

संतोष म्हणाला, "आई, लय झालं आता. वय झालं तुझं. घरी बस निवांत." मला ते फार लागलं. सकाळचं ते मैदान नसतं, तर ह्यांच्या माघारी मी अंथरूणच धरलं असतं.

म्हणून मी कुंदनकडे गेले. माणसाच्या मापाने काठ्या बसवून देणं हा त्याचा धंदा. त्याने माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत टेप लावला, मशीनसमोर चेंडू मारायला लावले आणि तीन काठ्या पुढे ठेवून म्हणाला, "मावशी, तुम्हीच निवडा." मी शेतकऱ्याची पोर. कुदळीचा दांडा बघतात तसा एकेक दांडा गुडघ्यावर दाबला आणि जो जराही वाकला नाही तो उचलला. वाकतो तो दांडा कच्चा, हेच लहानपणापासून शिकलेलं.

"मावशी, कुदळ जमिनीत हाणायची असते," कुंदन म्हणाला. "इथं दांडा जरा वाकून सुटतो आणि चेंडू वर चढतो. हाताचा वेग कमी झाला की दांडा नरम पाहिजे, नाहीतर सगळा मार कोपरावर."

त्याने दिलेल्या हलक्या कार्बनच्या काठीवर 'सीनियर' असं लिहिलेलं होतं. हे खोडता येईल का, असं मी विचारलं. "येईल की. पण आधी मारून तर बघा." मारला. चेंडू वर चढला, सरळ गेला, आणि मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. कोपराने हूं की चूं केलं नाही. त्याच आठवड्यात ह्यांच्या काठ्यांची डोकी तशीच ठेवून दांडे बदलून घेतले.

तिथेच बिनसलं. आमच्याकडे खंडेनवमीला छाटणीच्या कात्र्या आणि फवारणीच्या पंपाबरोबर ह्यांच्या काठ्याही पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. यंदा नवे दांडे पाहून संतोषचा चेहरा उतरला. "पूजेतली वस्तू मोडलीस तू, आई. बाबांचा हात लागलेलं काहीच ठेवलं नाहीस." मी म्हटलं, "हत्यार चालावं म्हणून पूजा करतात रे, ते देव्हाऱ्यात बसवायला नाही." तो ताटावरून उठून दिंडोरीला गेला. त्यानंतर फोन यायचा तो फक्त हर्षालीचा. दोन मुलं असून मला घास गोड लागेना.

सबब, माझ्या काठ्या मी हयात असेपर्यंत माझ्याच गाडीत राहतील, त्या कोणी लपवू नयेत. काढलेले पोलादी दांडे भंगारात द्यावेत, कारण ज्याला ते हवेत त्याला आईशी बोलायचं नाही.

कलम ५. माझा फोटो लावाल तो मैदानावरचा, टोपीतला लावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी दिशाने करावी.

दुरुस्ती. कलम ४ मधलं शेवटचं वाक्य मी आज स्वहस्ते खोडलं आहे. कारण असं, की हर्षालीने कोणी न सांगता मसुदा संतोषला वाचून दाखवला. तो तडक कुंदनकडे गेला. दांडे शाबूत आहेत, दुसरी डोकी बसवली की चालतील, असं कुंदनने सांगितलं आणि संतोषने ती बसवून घेतली. परवा सकाळी मी मैदानावर पोचले, तर संतोष आणि मशीन घेऊन आलेला कुंदन आधीच उभे.

संतोषने जन्मात गोल्फ खेळला नव्हता. सुरुवातीला नुसती माती उडाली. मग एक चेंडू नेमका बसला. पाठमोरा उभा होता, तीच उंची, तेच खांदे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मशीनकडे बघून कुंदन म्हणाला, "दादांना हेच दांडे बरोबर आहेत, मावशी. सूतभरही बदलायला नको."

संतोष म्हणाला, "हे घेऊन तू इतकी वर्षं कशी खेळलीस गं? हात दुखतो हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर घरी बसवलं असतंस."

माझी बॅग त्याने खांद्याला लावली. मला वाटलं, गाडीत ठेवायला निघाला. तो मैदानात पुढे चालायला लागला.

तरी पोलादी दांड्यांचा संच मी आजच, माझ्या मरणाची वाट न बघता, संतोषला दिला आहे. माझा हलका संच माझ्या माघारी घरात ज्याला खेळायचं असेल त्याने घ्यावा, मात्र दांडे आपल्या हाताच्या मापाचे बसवून घ्यावेत. आईची आठवण म्हणून कपाटात ठेवल्यास तो माझ्या इच्छेचा भंग समजावा.

आणि संतोष, तू काठी फार आवळून धरतोस. ह्यांनाही मी हेच सांगायची, ते ऐकायचे नाहीत. तू ऐक.

(सही) मालनबाई रंगनाथ निरगुडे

मालनबाईंनी हा मजकूर आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवला, आमच्यादेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यादेखत केली.

साक्षीदार १. (सही) डॉ. योगेश वाल्मीक शेवाळे
साक्षीदार २. (सही) कुंदन सावळीराम मोगल

स्थळ: नाशिक
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५