तीस टक्क्यांचा सूड

३ मार्च, सोमवार. सकाळी.
युद्ध जाहीर.
महिन्याचा हिशेब आला. फोनच्या अ‍ॅप स्टोअरनं नेहमीप्रमाणे शंभरातले तीस स्वतःच्या खिशात टाकले आणि वर 'अभिनंदन' असं लिहिलंय. कसलं डोंबलाचं अभिनंदन? 'लिफ्टमन' गेमचं कोडिंग माझं, चित्रं मेव्हण्याची. घाईतला वकील, मांजरवाल्या बाई, दार बंद होताना मुद्दाम पाय घालणारा जाड्या, एकेका उतारूवर आम्ही महिने घालवलेत. स्टोअरनं काय केलं? फळीवर मांडला. आयत्या बिळावर नागोबा!
बायकोला सांगितलं, या नागोबाला आता ठेचणार. ती म्हणाली, आधी गॅसवरचं दूध बघ. दूध उतू गेलं होतं. यालाही स्टोअरच जबाबदार.

५ मार्च, बुधवार.
योजना तयार. स्टोअरमधून गेम काढायचा. आपली वेबसाइट, आपली फाइल. माणूस येईल, फाइल उतरवेल, फोनमध्ये टाकेल, खेळेल. मध्ये कुणी नाही. शंभरचे शंभर आपले.
मेव्हण्याला फोन केला. हा बायकोचा धाकटा भाऊ. बोर्ड-बॅनरच्या दुकानातली नोकरी सोडून माझ्याबरोबर आला, कमाईत निम्मा भागीदार आहे. मे महिन्यात त्याच्याकडे पाळणा हलणार आहे, त्यामुळे हल्ली भित्रा झालाय. म्हणाला, भाऊजी, लहान लोकांकडून स्टोअर निम्मंच कमिशन घेतं, फक्त एक फॉर्म भरायचा असतो, मी मागे दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं, शत्रूची सवलत घेणं म्हणजे लाच खाणं. त्यावर त्यानं फोन ठेवला. म्हणजे पटलं.

९ मार्च, रविवार.
मेव्हण्याकडून नवीन पात्र काढून घेतलं: दलाल. तिसाव्या मजल्यावर लिफ्टमध्ये शिरतो आणि दर दहा उतारूंतले तीन खिशात घालतो. ज्याला समजायचं त्याला समजेल. मी मेव्हण्याला बजावलं होतं की बघताक्षणी तिडीक आली पाहिजे. त्यानं गोबऱ्या गालांचा काढला. वर म्हणतो, मला दुसरं काढता येत नाही.
दुपारी सासरेबुवांना दाखवला. निवृत्त पोस्टमास्तर. बोलणं कमी, खेळणं फार. आमचे सगळ्यात जुने खेळाडू, सहाशे अकराव्या मजल्यावर आहेत. म्हणाले, छान आहे, गोड आहे. मी म्हटलं, तो खलनायक आहे. ते म्हणाले, असेल, पण गोड आहे.
सासरेबुवांना राजकारण कळत नाही.

१२ मार्च, बुधवार.
स्टोअरमधलं खातं बंद केलं. कायमचं.
'कारण' लिहायला एक चौकोन होता. मी आधीच चार पानं लिहून ठेवली होती. चौकोनात जेमतेम पाच ओळी मावल्या. नेमका नमस्कार आणि प्रस्तावना गेली, शिव्या राहिल्या बाहेर. खाली उत्तर आलं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभार. किती हा निर्लज्जपणा!
बंद करताना तीन-तीनदा विचारत होते, नक्की ना, हे परत फिरवता येणार नाही. टरकले असणार. मी प्रत्येक वेळी 'हो' दाबलं.

१३ मार्च, गुरुवार. दुपारी.
ऐतिहासिक दिवस. गेममध्ये मी पूर्वीच एक सोय करून ठेवली होती. माझ्या सर्व्हरवरून एक बटण दाबलं की सगळ्यांच्या फोनवर निरोप दिसतो. आज दाबलं. जुना 'लिफ्टमन' एका क्षणात सगळीकडे कुलूपबंद. पडद्यावर फक्त एवढंच: 'हा गेम स्वतंत्र झाला आहे. नवी लिफ्ट आमच्या वेबसाइटवर.'
नाक दाबलं की तोंड उघडतं. आता बघू स्टोअरचं.
टीप: वेबसाइट उद्या चालू होईल.

१५ मार्च, शनिवार.
वेबसाइट चालू झाली. एक किरकोळ गोष्ट निघाली.
प्रत्येक गेमवर बनवणाऱ्याचा एक डिजिटल शिक्का असतो. तो शिक्का बघून फोन ओळखतो की नवा गेम जुन्याच मालकाचा आहे, आणि मग जुन्यावर नवा बसवतो. आमचा शिक्का स्टोअरकडे होता. 'हरवाल बिरवाल, आम्ही सांभाळतो' असं ते सुरुवातीला म्हणाले आणि कुणीतरी हो म्हटलं. (मी.) खातं गेलं, शिक्का गेला. मी नवा बनवला. आता फोन म्हणतो, हा मालक वेगळा, मी ओळखत नाही.
म्हणजे आधी जुना गेम काढून टाकायचा, मग नवा टाकायचा. जुन्याबरोबर चढलेले मजलेही जातात, कारण ते फोनमध्येच असतात. मजले स्टोअरच्या ढगात, म्हणजे 'क्लाउड'मध्ये, ठेवायची सोय होती, पण शत्रूच्या माळ्यावर आपलं सामान कोण ठेवतो?
मेव्हणा काकुळतीला आला. म्हणाला, भाऊजी, निदान ते कुलूप काढा, लोकांना जुना तरी खेळू द्या. मी म्हटलं, माघार नाही. खरा खेळाडू पहिल्या मजल्यापासून सुरू करायला घाबरत नाही.

१६ मार्च, रविवार.
वेबसाइटवर सूचना टाकल्या. पायरी एक: जुना गेम काढून टाका. अगदी सोप्या भाषेत.

१८ मार्च, मंगळवार.
सासरेबुवांनी सूचना तंतोतंत पाळल्या. पोस्टातला माणूस. पायरी एक केली. पायरी दोनला फोननं लाल पट्टी दाखवली: 'ही फाइल तुमच्या फोनला हानी पोहोचवू शकते.' ती त्यांनी मोठ्यानं वाचली आणि खाली कुणाचं नाव आहे तेही वाचलं. माझं होतं.
बायकोनं सांगितलं म्हणून जाऊन आलो. सासूबाईंनी पाणी दिलं, चहा नाही. सासरेबुवा फोन मांडीवर पालथा ठेवून बसले होते. म्हणाले, "जावईबापू, मी सहाशे अकराव्या मजल्यावर होतो."
मी त्यांना स्वातंत्र्याचं महत्त्व समजावलं. ते आत जाऊन आडवे झाले.

२१ मार्च, शुक्रवार.
गेमला एकच तारा देऊन नावं ठेवणाऱ्यांची आता जिरली. स्टोअरच नाही, तर तारे देणार कुठे? फक्त वेबसाइटवर संपर्कासाठी माझा नंबर आहे, त्यामुळे ते फोन करतात. एक बाई रोज सकाळी करतात. त्यांचे तीनशे मजले गेलेत. नाव सांगत नाहीत, ओरडत नाहीत, नुसतं 'का?' विचारतात.
त्यांचा नंबर ब्लॉक केला. सूडाची यादी सुरू केली: स्टोअर, सासरेबुवा (चहा), 'का' बाई.

२६ मार्च, बुधवार.
मोहीम दुसरी: माणसं येत नाहीत तर आपण माणसांकडे जायचं. क्यूआर कोडची पोस्टर छापली. एक आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चिकटवलं. लिफ्टमध्ये 'लिफ्टमन'! ही कल्पना स्टोअरच्या बापालाही सुचली नसती. दुसरं सलूनवाल्याच्या आरशावर. तिसरं बायकोच्या दाताच्या दवाखान्यात लावायचं होतं, तिथे ती रिसेप्शनवर असते. डॉक्टर नको म्हणाले. पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यात लाल पट्टी नको. पट्टीची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचवली कुणी? घरचा भेदी.

२८ मार्च, शुक्रवार.
सलूनमध्ये स्वतः बसून लोकांच्या फोनमध्ये गेम टाकतो. गिऱ्हाईक खुर्चीत अडकलेलं असतं, पळू शकत नाही. फोन घ्यायचा, सेटिंगमध्ये जायचं, 'अनोळखी ठिकाणाहून परवानगी' शोधायची. ही प्रत्येक फोनमध्ये वेगळ्या बिळात लपवलेली असते, हा कट आहे. मग लाल पट्टी. मग 'तरीही टाका'. तेवढ्यात दाढी संपते आणि माणूस फोन मागतो.
आज अख्ख्या दिवसात दोघांच्या फोनमध्ये गेला. एक सलूनवाला स्वतः. दुसऱ्याला वाटलं मी फोन दुरुस्त करतोय. त्यानं पडद्यावरची चीर दाखवली.

२ एप्रिल, बुधवार.
लिफ्टमधलं पोस्टर कुणीतरी फाडलं. वॉचमन म्हणतो, सेक्रेटरींचा हुकूम. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ते स्कॅन केलं आणि लाल पट्टी बघून बँकेला फोन लावला. बँकेनं त्यांचं कार्डच बंद केलं. सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल लिहून आलंय. नाव घेतलेलं नाही, 'काही सुशिक्षित रहिवासी' म्हटलंय.
यादीत भर: काकू, सेक्रेटरी, बँक.

६ एप्रिल, रविवार.
मेव्हणा घरी आला. मी त्याच्यापुढे मांडणी केली: नफा शंभर टक्के आपला, ही तत्त्वाची बाजू झाली. मग आकड्यांची बाजू. तो म्हणाला, शंभर टक्के कशाचे, भाऊजी? मी म्हटलं, सध्या सलूनवाल्याचे. त्यानं गेममधली तीन रुपयांची नाणी विकत घेतली आहेत.
त्याला हसू आलं नाही. बायको दारात उभी होती, तिलाही नाही. मेव्हणा म्हणाला, माझ्या बायकोचे दिवस भरत आलेत, हातात काही नाही, मी उद्यापासून परत बॅनरच्या दुकानात जातोय. मी म्हटलं, ऐन लढाईत पाठ दाखवतोस? तेव्हा तो जे म्हणाला ते इथे लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल: "भाऊजी, तुम्हाला गेम विकायचाच नव्हता. तुम्हाला भांडायचं होतं. माझं घर त्यात कशाला ओढलंत?"
ताईला येतो म्हणाला, मला नाही.
यादीत टाकला. सगळ्यात वर.

७ एप्रिल, सोमवार.
स्टोअर दुसऱ्या नंबरवर गेल्याचं वाईट वाटतंय. त्यांनी खरं म्हणजे माझं एवढं नुकसान केलेलं नाही.
हे वाक्य खोडायचं आहे. पेन मिळत नाही.

१४ एप्रिल, सोमवार.
कुलूप काढलं. माघार म्हणून नाही, सर्व्हरचं भाडं संपलं म्हणून. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. ज्यांच्याकडे जुना गेम होता त्यांनी कधीच काढून टाकला. सूचना फारच सोप्या भाषेत लिहिल्या होत्या.
बायको दवाखान्यात संध्याकाळचीही पाळी करते आता. घरी आली की बोलत नाही असं नाही. बोलते. पण डॉक्टरांबद्दलच.

२४ एप्रिल, गुरुवार.
बातमी फुटली. मेव्हणा नवीन गेम काढतोय. बॅनरच्या दुकानात संगणकावर बसणारा एक जण कोडिंग शिकलाय म्हणे. दोघं दुकान बंद झाल्यावर बसतात. गेम काय, तर पोस्टातली पत्रं वाटायची. कल्पना सासरेबुवांची. सगळं घर फितूर आहे.
आणि कुठे विकणार? स्टोअरमध्ये! तो निम्म्या कमिशनचा फॉर्म भरून! बायकोला म्हटलं, हा माझा सगळ्यात मोठा पराभव आहे. ती म्हणाली, तुझा नाही, आमचा होता, तो आता भरून निघतोय.

२ मे, शुक्रवार.
मेव्हण्याचा मेसेज. मला वाटलं माफी. नाही. स्टोअरचा नियम असा की नव्या माणसाचा गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी बारा जणांनी तो सलग दोन आठवडे फोनमध्ये ठेवायचा. एक जरी गळला तरी मोजणी पहिल्यापासून. त्याच्याकडे अकरा आहेत. बाळ यायच्या आत गेम बाजारात यायला हवा. भाऊजी, ठेवाल का, असं विचारलंय.
शेवटी कळलं ना, माझ्यावाचून पान हलत नाही. मोठ्या मनानं होकार दिला. स्टोअरकडूनही मेल आली: 'प्रिय टेस्टर.'
टेस्टर! ज्यानं सहाशे मजल्यांची इमारत उभी केली त्याला!

१० मे, शनिवार.
गेम बरा आहे. वाईट म्हणजे बराच बरा आहे. काल सहज शेवटची पाटी बघितली. चित्रं: मेव्हणा. कोडिंग: तो दुकानातला. कल्पना: सासरेबुवा. आभार: ताई. माझं नाव कुठेच नाही. मी तीनदा बघितलं.
ठीक आहे. यादीतला पहिला नंबर उगाच नव्हता. दुपारी चहा झाल्यावर शांतपणे गेमवर बोट दाबून धरलं आणि 'काढून टाका' केलं. बारातला एक गेला. कुणाला कळणारही नाही कोण.
मला हलकं वाटतंय. झोप काढणार.

१२ मे, सोमवार. सकाळी.
बायको सांगत होती, मेव्हण्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. कुणीतरी गळलं. त्याची बायको कालपासून रडतेय. डॉक्टरांनी बाळंतपणाची तारीख आधीची दिलीय. मी म्हटलं, अरेरे, सलूनवाला असेल, त्याचा फोन जुना आहे. तिनं माझा फोन चार्जिंगला लावला आणि कामाला गेली.

१२ मे, सोमवार. दुपारी.
मेव्हण्याचा मेसेज आला. शिवी नाही, काही नाही. 'भाऊजी, बाकीचे अकराही जण दुकानात माझ्यासमोर बसलेत, सगळ्यांकडे गेम आहे. परत टाका.'
शिक्का, स्वातंत्र्य, तत्त्व, सगळं आठवून पाहिलं. मग टाकला. एका बटणात उतरला. लाल पट्टी नाही, परवानगी नाही. मी कोण, हे फोननं एकदाही विचारलं नाही.