पाच मुकी लग्नं

प्रिय तेजल,

'प्रिय' हा शब्द मी दात आवळून लिहिला आहे, हे आधीच सांगून ठेवते. नऊ दिवसांत मी तुला एकतीस फोन केले. तू एकही उचलला नाहीस. मेसेज केले, ते तू वाचलेस, कारण त्यांच्याखाली त्या दोन निळ्या खुणा उमटल्या. वाचलेस आणि गप्प बसलीस. चार वर्षं तू माझ्या घरी राहिलीस. माझ्या पंख्याखाली झोपलीस, माझे टॉवेल ओले करून पलंगावर फेकलेस, आणि आता आत्याला दोन शब्द लिहायला तुझी बोटं झिजतात? म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं. मध्येच कापता येत नाही. तुमच्या मढची शकु कोळीण उद्या सकाळी मासळी विकून परत तिकडे जाताना रिकाम्या पाटीतून ते तुझ्या हातात देईल. कागदाला बोंबलाचा वास आला तर नाक मुरडू नकोस. त्याच वासाच्या जिवावर तुझ्या आजीनं मला कॉन्व्हेंटात शिकवलं आणि तुझ्या बापाला होडी घेऊन दिली.

तुझ्या त्या बापाचा परवा फोन आला होता. "ताय, पोरगी बँड सोडते म्हणते. तूच केलास गो हा सगळा." मी त्याला विचारलं, धर्मा, सहा महिन्यांपूर्वी 'पोरीची जात लग्नात बाजा वाजवणार?' असं म्हणून दोन दिवस न जेवता बसला होता तो कोण? तू की तुझा जुळा भाऊ? तर म्हणे, "तेव्हाची गोष्ट वेगली होती. आता ती वाजवते, तर वाजवू दे ना." यांना सगळं उशिरा कळतं आणि कळलं की पहिलं बोट माझ्याकडे. ट्रम्पेट कुणी घेऊन दिलं? मी. रोज संध्याकाळी सहा ते सात तुझं ते पों पों कुणी सोसलं? मी. सोसायटीच्या सेक्रेटरी चंद्रप्रकाशनं खालच्या फलकावर इंग्रजीत नोटीस लावली, की चौथ्या मजल्यावरून वाद्याचा उपद्रव होतो, तेव्हा त्या नोटिशीतल्या सात चुका लाल पेनानं दुरुस्त करून, दहापैकी तीन मार्क देऊन, ती तिथंच परत कुणी लावली? तू जिन्यात बसून पोट धरून हसत होतीस, आठवतं? त्या दिवशी मी चांगली होते.

मग तू त्या नव्या बँडमध्ये गेलीस. 'न्यू भरती ब्रास'. मी तेव्हाच विचारलं होतं, 'न्यू' कशाला, जुनी कुठं होती? तू म्हणालीस, "आत्या, प्लीज, मास्तरांसमोर असलं काही बोलू नकोस." आणि वर्सोव्याच्या जाळी विणायच्या शेडमध्ये तुमच्या तालमी सुरू झाल्या. चौदा पोरं आणि तू एकटी मुलगी. मार्तंड मास्तर म्हणजे पांढऱ्या मिशांचा, सत्तरीचा, पाठ ताठ असलेला माणूस. त्याच्याविषयी तू इतकं बोलायचीस की मला त्याचा राग आधीपासूनच होता. मास्तर म्हणतात पायांनी ऐकायचं. मास्तर म्हणतात श्वास आधी, सूर नंतर. मी काय तुला श्वास घ्यायचा नाही असं शिकवलं होतं?

पहिल्या लग्नाहून आलीस तेव्हा तो लाल-सोनेरी कोट अंगावर तसाच होता. खांद्यावरच्या झालरी बघून मला वाटलं, आमच्या दिवाणखान्याचे जुने पडदे कुठं गेले ते कळलं. दोन ताटं जेवलीस. मी विचारलं, काय वाजवलंस? म्हणालीस, "सगळं." मी तुझ्या ओठांकडे बघत होते. घरी नुसता तासभर वाजवलंस तरी तुझ्या वरच्या ओठावर लाल कडं उमटतं, रात्रभर जात नाही. तीन तास वाजवून आलेल्या मुलीच्या ओठावर काही नव्हतं. दुसऱ्या लग्नानंतरही नव्हतं. मी एकतीस वर्षं ऑफिसात इतरांच्या फायली तपासल्या आहेत, तेजल. कुणी खोटं सांगत असलं की मला चहाच्या आधी कळतं.

म्हणून तिसऱ्या लग्नाला मी आले. तुला न सांगता, बिनबोलावता, वर्सोव्याच्या त्या चिंचोळ्या गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. संध्याकाळचे पाच वाजले होते, नवरदेव मांडवाकडे निघाला होता, बायका नऊवारी कासोट्यात नाचत होत्या. तू पहिल्या रांगेत होतीस. अर्थातच. मुलगी पुढे असली की सगळे फोन वर होतात. तुझे गाल फुगत होते, बोटं चालत होती, आणि मला तुझा सूर ऐकू येत नव्हता. चौदा जणांचा गोंगाट असला तरी चार वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला सूर मला ओळखता येतो. मी पायरीवरून उतरून जवळ आले आणि तुझ्या ट्रम्पेटच्या तोंडात कोंबलेला तो लाल फडका मला दिसला.

पुढचं तुला माहीत आहे, सगळ्या वर्सोव्याला माहीत आहे, आणि निमेशच्या कृपेनं आता निम्म्या मुंबईला माहीत आहे. तो चुलतभाऊ तुझा आणि भाचा माझा, पण व्हिडिओ टाकताना त्याला दोन्ही नाती आठवली नाहीत. त्याला मी वेगळी बघून घेणार आहे. पण खरं सांगायचं तर व्हिडिओत जे आहे ते मीच केलं. रांगेत घुसले. "माझ्या मुलीला शोभेची बाहुली करून उभी केलीत? लाज नाही वाटत, म्हातारे झालात तरी?" असं मास्तरांना म्हणाले, सगळ्यांसमोर. आणि फडका ओढून काढला. नेमकं तेव्हा मास्तरांनी हात वर करून बँड थांबवला होता, आणि तुझा श्वास आधीच निघाला होता. जो आवाज आला तो मला अजून कानात ऐकू येतो. नवरदेवसुद्धा हसला. तू माझ्याकडे बघितलंस, ट्रम्पेट काखेत मारलंस आणि त्या झालरींच्या कोटात चालत सरळ जेट्टीवर गेलीस. मी मागून हाका मारत होते. तू वळली नाहीस. मढची होडी सुटली.

मी घरी आले ती फडका मुठीत धरून. दोन दिवस मी रागानं नुसती धुमसत होते. मास्तरावर, त्या हसणाऱ्या बायकांवर, तुझ्यावर. तू खोटं बोललीस म्हणून नाही. तू तो फडका कोंबून घेतलास आणि गप्प उभी राहिलीस म्हणून. मला वाटलं, माझ्या घरात वाढलेली मुलगी असं सहन कसं करते?

आता एक गोष्ट सांगते. ती मी तुझ्या आजीला सांगितली नाही, धर्माला सांगितली नाही, कुणालाच नाही. आमच्या कॉन्व्हेंटात बँड होता. मी नववीत होते आणि बिगूल वाजवायचे. चांगलं वाजवायचे, नम्रपणाचा आव आणत नाही. खेळांच्या दिवशी पाहुणे मैदानात येताना बिगुलावर एक तुकडा एकटीनं वाजवायचा असतो, तो माझा होता. दोन महिने मीच वाजवत होते. त्या सकाळी सिस्टर बर्नडेटनं मला बाजूला घेतलं. तुकडा दुसऱ्या मुलीला द्यायचा ठरला होता. तिच्या वडिलांनी शाळेला हॉल बांधून दिला होता. पण रांगेत सहा बिगुलं हवीत, एक कमी झालं तर रांग बोडकी दिसते. म्हणून मी उभं राहायचं, बिगूल ओठांना लावायचं, आणि ती मुलगी घाबरून चुकली तर माझा सूर तिच्यावर चढू नये म्हणून सिस्टरनं आपला पांढरा रुमाल घडी घालून माझ्या बिगुलात नीट बसवला. ओरडली नाही, रागावली नाही. "गुड गर्ल" म्हणाली आणि गालावर थोपटलं.

त्या दिवशी आई अंधेरीच्या बाजारातून अर्धी मासळी तशीच टाकून आली होती. पाटी फाटकाबाहेर ठेवून सगळ्यात मागच्या बाकावर बसली होती. मी तिला बघितलं आणि गाल फुगवले. मेल्यासारखी उभी राहून गाल फुगवले. घरी जाताना ती वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "माझे प्रेमीचा आवाज सगल्यांत मोठा व्हता." आणि मरेपर्यंत सांगत राहिली. कुणी नवं माणूस घरी आलं की सांगायची. मी दर वेळी स्वयंपाकघरात निघून जायचे. कृष्णाबाई कोळणीनं आयुष्यभर कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि मी तिला ऐकायला एक सूरही दिला नाही. नंतर मी बिगुलाला हात लावला नाही. त्याऐवजी तोंड वापरलं. ते कुणाला बंद करता आलं नाही.

असो. तर तिसऱ्या दिवशी मी मास्तरांना फैलावर घ्यायला त्या शेडमध्ये गेले. वाक्यं तयार होती, इंग्रजीतसुद्धा. म्हातारा एका पालथ्या टोपलीवर बसून कुणाच्या तरी ट्रम्पेटची पिस्टनं साफ करत होता. माझं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानं शेडच्या भिंतीकडे बोट केलं. खिळ्यांवर लाल फडके टांगलेले होते, चौदा. प्रत्येकाखाली नाव. म्हणाला, "बाई, माझ्या बँडात पहिली पाच लग्नं मुकी. चालायला शिकायचं, श्वास कुठं तुटतो ते शिकायचं, नाचणाऱ्याच्या पायाकडे बघायला शिकायचं. सूर काय, घरी पण शिकता येतो. पाचव्या लग्नाला मांडवाच्या दारात सगळा बँड थांबतो, आणि ज्याचा त्यानं फडका ओढायचा. पहिला सूर एकट्याचा. तो ऐकायला या पोरांचे आईबाप येतात." मी विचारलं, मग पहिल्या रांगेत का? तर म्हणाला, "मुके पुढेच असतात. मागच्यांचा सूर त्यांच्या पाठीत शिरला पाहिजे."

हे तू मला सांगितलं का नाहीस? असं विचारायला मी तोंड उघडणार होते, पण उत्तर मला माहीत होतं. सांगितलं असतंस तर मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याशी भांडायला गेले असते. तू मला ओळखून होतीस. त्याचाही मला राग आला.

आणि मग त्यांनी मुख्य गोष्ट सांगितली. फडका दुसऱ्यानं काढला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आजवर असं कधी झालं नव्हतं, कारण एवढी आगाऊ बाई आजवर कुणाची आत्या नव्हती. (आगाऊ हा शब्द त्यांचा. मी ऐकून घेतला.) मी म्हणाले, चूक माझी, शिक्षा तिला का? ती दोन लग्नं नियमानं चालली आहे, तिसऱ्यातही मी घुसेपर्यंत तिनं गाल फुगवले आहेत. मी अर्धा तास भांडले. मग भांडण संपलं आणि मी विनंती केली. हो, केली. तू तिथं नव्हतीस हे तुझं दुर्दैव. ते दृश्य पुन्हा बघायला मिळणार नाही.

तर ठरलं ते असं. या रविवारी तुमच्या मढलाच लग्न आहे. तुझी जागा मास्तर शनिवारच्या तालमीपर्यंत ठेवणार आहेत. त्यानंतर ट्रम्पेटला दुसरं माणूस बघतील, आणि ते खोटी धमकी देणाऱ्यातले दिसत नाहीत. आलीस तर मोजणी दोनावरून पुढे सुरू होईल, मोडलेलं तिसरं धरायचं नाही. तुझी तीन मुकी लग्नं उरली आहेत. पण त्याला एक अट आहे, आणि ती तुला नाही, मला आहे. त्या तिन्ही लग्नांत मी बँडच्या मागून चालायचं, पहिल्या गल्लीपासून मांडवापर्यंत, तोंडातून एक शब्द न काढता. निमेश समोर आला तरी. बायका हसल्या तरी. तुझा बाप "बोल ना गो ताय" म्हणाला तरी. मी 'हो' म्हटलं तेव्हा शेडमधली पोरं वाजवायची थांबली होती.

या पत्राबरोबर तुझा फडका पाठवते आहे. दोनदा धुतला आणि इस्त्री केली. पहिल्या धुण्यात रंग गेला आणि माझी पांढरी ओढणी गुलाबी झाली, ते आपण नंतर बोलू. तो तू तुझ्या हातानं कोंब आणि पाचव्या लग्नाला तुझ्या हातानं काढ. मी सगळ्यात मागे उभी असेन, आई बसली होती तशी. मला फक्त तो पहिला सूर नीट ऐकू येऊ दे. चुकला तरी चालेल. मग मी बोलेन. तोवर फार साठलेलं असेल, तेव्हा तयारीत राहा.

तीन लग्नांपुरती मुकी, पण तुझीच,
प्रेमाआत्या