नळाचं पाणी

३ मार्च
सेल अजून जिवंत. पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढणाऱ्या या डब्याची टिकाऊपणाची चाचणी चालू आहे आणि तो मरेपर्यंत मला रजा नाही. साहेब म्हणतात, "मॅडम, जगाला स्वच्छ इंधन हवंय." जग घरी झोपलंय. डब्याला पाणी पाजायला मी!

५ मार्च
ताईचा फोन. पोटातल्या गाठीचं ऑपरेशन पुन्हा पुढे ढकललं. "तू आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही." डॉक्टर म्हणतात, उशीर नको. ही हट्टी, साहेब हट्टी, डबा तर सगळ्यांचा बाप. गाठ काय माझ्या रजेच्या अर्जावर सही व्हायची वाट बघणार आहे?

८ मार्च
पाहुणे आले. काचेआडून बुडबुडे बघून भारावले. एकाने विचारलं, "यात साधं नळाचं पाणी चालतं?"
म्हटलं, "चालतं की. एकदाच. क्षार आतल्या पडद्यात जाऊन बसतात, मग खेळ खलास."
सगळ्यात मोठ्याने हसला माझा पाळीतला जोडीदार – फुंकर. मीटर वाचण्याआधी त्यावर फुंकर मारतो, म्हणून हे नाव. धूळ फक्त त्यालाच दिसते.

११ मार्च
नळाच्या पाण्याचा पेला घेऊन डब्याच्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. बराच वेळ. फुंकर आत आला.
"प्यायचंय की पाजायचंय?"
मुकाट्याने पिऊन टाकलं. मग ताईचं सगळं त्याला सांगितलं – नको तेवढं. त्याने मीटरवर फुंकर मारली.

१२ मार्च
व्होल्टेज तसूभर हललं नाही. डब्याची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत.

१४ मार्च
सेल मेला! सकाळपासून व्होल्टेज चढत गेलं, दुपारी बंदच करावा लागला. साहेबांचा चेहरा सुतकी. मीही तसाच केला. बाहेर येऊन ताईला फोन – "तारीख घे, निघतेय." ती रडली. नाक पुसून लगेच म्हणाली, "सामान कमी आण, इथे उचलायला कुणी नाही."

१५ मार्च
टाकीत नळाचे क्षार सापडले. साहेबांनी चौकशी माझ्याकडेच दिली – "यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?" करणाऱ्याचं नाव हातात पडेपर्यंत रजा नाही.
संध्याकाळी फुंकर दारातून डोकावला. खुशीत होता.
"भरली का बॅग, मॅडम?"