नानांना सांगितलेला सिनेमा

फुलंब्री,
१८ मे २०२५

प्रिय सत्यम,

सप्रेम नमस्कार. इकडं सगळे बरे आहेत. तूही हैदराबादला बरा असशील, वेळेवर जेवत असशील, असं धरून चालते. घरात सगळ्यांसमोर तुला ‘अहो’ म्हणते, पण पत्रात कुणी ऐकत नाही, म्हणून तू.

वर फुलंब्री वाचून चमकू नकोस. सध्या आईकडं आले आहे. नानांजवळ तुझ्या चतुराआत्या आहेत, डोळ्यांत थेंबही त्याच घालतात. डॉक्टर म्हणाले, काचबिंदूनं गेलं ते गेलं, आता परत यायचं नाही. नानांना उजेड-अंधार तेवढा कळतो. तरी सकाळी गुलमंडीत आपल्या कापडाच्या दुकानावर जाऊन बसतातच. गिऱ्हाईकानं कापड हातात दिलं की बोटांनी चाचपून सांगतात, सुती आहे का मिसळ.

काल तुझा सिनेमा पाहिला.

नानांचाच फोन आला होता. ‘सूनबाई, सत्यमचा शिनेमा लागलाय म्हणं. मला घेऊन चल.’

‘नाना, तुम्हाला दिसणार काय त्यात?’

‘मला नाय दिसायचं. तू पाह्य अन् मला सांग. आत्याला कापडातलं कळत नाय.’

मग मी गेले. लग्नानंतर तू मला वादळराखाच्या चित्रकथांचा अख्खा गठ्ठा वाचायला लावला होतास, त्यामुळं गोष्ट मला पाठच होती. नानांना मात्र एवढंच ठाऊक, की चित्रं दुसरे काढतात आणि त्या वीराच्या पाठीवरचा निळा शेला संगणकावर तू हलवतोस. त्यांना दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. तिकडं पूल कोसळतोय, गाड्या नदीत पडतायत, सगळी पोरं ओरडतायत, आणि नाना माझ्या कानाशी: ‘शेला कसा पडतोय? जड का हलका?’

‘जड आहे नाना. वारा सुटला तरी आधी काठ उचलतो, मग बाकीचं.’

‘अन् भिजल्यावर?’

‘पाठीला चिकटलाय. खालून ओढल्यासारखा लोंबतोय.’

‘व्हय, काठ भरीव धरला त्यानं,’ म्हणाले आणि माझ्या हातावर थाप मारली.

मागच्या बाई म्हणाल्या, ‘भाभी, जरा आहिस्ता.’ नाना मागं वळून म्हणाले, ‘माफ करना बेटा, मेरेकू दिखता नहीं.’

नाना विचारत होते म्हणून मला बघावं लागलं, सत्यम. एरवी मी कपड्याकडं बघितलंच नसतं. तू वर्षानुवर्षं रात्रंदिवस काय करत होतास, ते मला काल पहिल्यांदा दिसलं.

मग तो गच्चीवरचा प्रसंग आला. लढाई संपलीय, वादळराखाची बायको वाट पाहून पाहून गच्चीवरच झोपलीय. पुस्तकात तो तिला लांबून बघतो आणि उडून जातो. मला ते पान चांगलं आठवतं, मी तुझ्याशी त्यावरून भांडले होते. सिनेमात तो खाली उतरला. शेला सोडला. आधी तिच्या पावलांवर टाकला, मग हळूहळू वर ओढत आणला, आणि गळ्याशी आल्यावर काठ आत दुमडला, टोचू नये म्हणून.

माझं सांगणं थांबलं.

‘काय झालं?’ नाना म्हणाले. ‘पडदा बंद पडला का?’

‘नाही. तो तिच्या अंगावर पांघरूण घालतोय.’

‘कसं घालतोय?’

मला सांगता येईना. हैदराबादला जाण्याआधी, दुकान बंद करून उशिरा आलास की तू मला अगदी तसंच पांघरूण घालायचास. तुला वाटायचं मी झोपलेय. मी कधीच झोपलेली नसायचे.

नानांनी खिशातला रुमाल काढून माझ्या हातात कोंबला.

शेवटी नावं आली. हॉल रिकामा झाला, झाडूवाला येऊन उभा राहिला, तरी आम्ही बसून होतो. तुझं नाव आलं तसं मी मोठ्यानं वाचलं. ‘आणखी एकदा वाच,’ नाना म्हणाले. तोवर ते वर सरकून गेलं होतं. मी न बघताच पुन्हा वाचलं.

बाहेर रिक्षाची वाट बघताना ते म्हणाले, ‘तो फोनवर विचारतो, प्रेरणा कुठंय. मी सांगतो, सैपाकात हाय, देवाला गेली. दिवाळीपासून लबाड बोलतोय मी. आता नाय व्हत माझ्याच्यानं. तू सांग, नाय तर मी सांगतो.’

म्हणून हे पत्र. सध्या आईकडं म्हणजे दिवाळीपासून. तुझे फोन मी इथूनच घेते. पाडव्याला ओवाळायचं ताट भरून बसले होते. तू संध्याकाळी फोन करून म्हणालास, शेला नीट पडत नाहीये, अजून थोडे दिवस लागतील. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला म्हणून निघाले ती परत गेलेच नाही. तुझा सिनेमा अडायला नको म्हणून नाना आणि मी दोघंही गप्प राहिलो. त्या निळ्या कापडाचा मी फार राग राग केला. माणसाचा करावा तसा.

काल नानांना गुलमंडीत सोडलं. ‘थांब’ म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘फुलंब्रीची गाडी मिळंल ना आता?’ मिळाली. खिडकीशी बसले आणि फुलंब्री येईपर्यंत तुझाच विचार करत होते. माझी आठवण तुला येत होती, तर ती तिकडं सगळ्या जगाला दाखवलीस. मला एकटीला का नाही सांगितलीस?

आता काम संपलंय. ये. नानांकडं नंतर जा, आधी इकडं ये. आई काही विचारणार नाही, मी तिला सांगून ठेवलंय. तूही आल्या आल्या काही समजावत बसू नकोस. मला तुझं तोंड नीट बघू दे. तुझ्याबरोबर परत निघायचं की नाही, हे मला आत्ता खरंच माहीत नाही. ते तुला बघितल्यावरच कळेल.

वाट बघणं सोडता न आलेली,
प्रेरणा